मातीची मगर, स्पंजची मगर : घरच्या बाहुलीपटाच्या नोंदी

19 एप्रिल 2025

ठरलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं घर गावी जमतं, तेव्हा दाखवायला दहा-बारा मिनिटांचा बाहुलीपट करायचा. घरातल्याच माणसांनी, घरातल्याच सामानाने, शक्यतो.

गोष्ट आजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. गोव्यात फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात तिला. या मगरीवरून आजी नातवंडांना एक गोष्ट सांगते: उधाणाच्या रात्री कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेला बांध झिरपायला लागतो, एका मुलीखेरीज कुणाला ते कळत नाही, आणि मातीची मगर उठून त्या भगदाडात आडवी होते. पात्रं तीनच: मुलगी, मगर, कुर्ली. पहिल्यांदा करणाऱ्याने तीनच्या वर जाऊ नये असं माझं आत्तापासूनचं मत आहे.

कॅमेरा मोबाइलचा. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी नऊची. पुतण्या कॉलेजात. नणंद चवथीपर्यंत दर रविवारी येईन म्हणाली आहे.

27 एप्रिल

मगरीचं डोकं कागदाच्या लगद्याचं करायला घेतलं. पुतण्या दरवर्षी दिवाळीत वाड्यावर उभारतात त्या नरकासुराच्या पुतळ्यांचे मुखवटे करतो, त्यामुळे लगदा, मैद्याची खळ, कागदाच्या पट्ट्या हे सगळं त्याच्या हातातलं काम. दोन रविवारांत डोकं उभं राहिलं, दातांसकट, देखणं.

4 मे

डोकं वाळल्यावर वजन केलं: 860 ग्रॅम. हात वर धरून मगर बोलवायची म्हटल्यावर मिनिटभरात पुतण्याचा दंड थरथरायला लागला. मगर म्हातारी दिसायला लागली. नरकासूर रात्रभर एका जागी उभा राहतो, त्याला वजन चालतं. बाहुली माणसाच्या मनगटावर जगते. हातात घालून चालवायच्या बाहुलीचं डोकं पाव किलोच्या वर गेलं की प्रत्येक शॉटला ते जाणवतं.

लगद्याचं डोकं ठेवून दिलं आहे. शेवटच्या दृश्यात मगर पुन्हा माती होऊन पडते, तिथे ते वापरणार. तिथे ते हलायचं नाहीच.

11 मे

आज गादीवाल्याकडून 12 मिलीमीटर जाडीचा स्पंज आणला. मोठा तुकडा 340 रुपये. चिकटवायला चामड्या-स्पंजाला लावतात तो पिवळा गोंद, 180 रुपये.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी कापायची रीत: कटरचं पातं नवं हवं आणि ते लांब, एका दमात ओढायचं. करवतीसारखं पुढे-मागे केलं की स्पंजाचे दात निघतात आणि सांधा बसत नाही. आधी वर्तमानपत्रावर आकार काढायचा, गोलाई हवी तिथे पाचरीसारखे काप द्यायचे आणि त्यांच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या. सपाट स्पंज आपोआप फुगून जबडा होतो. सुंदर वाटतं ते बघायला. धाकटीने तीन वेळा उलगडून पुन्हा जोडायला लावलं.

गोंद दोन्ही कडांना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं. वास डोक्यात जातो. पडवीत, वाऱ्यावरच काम करायचं. आत नाही, आणि जवळ निरांजनसुद्धा नको.

स्पंजचं डोकं, जबड्याच्या पुठ्ठ्यासकट: 215 ग्रॅम.

18 मे

डोळे. यावर आख्खा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

थोरल्याला खरी मगर हवी होती. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरींचे फोटो त्याने जमवले, आणि डोळे तसेच बसवले: डोक्याच्या वर, दोन बाजूंना. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून दोन डोळे केले होते, 40 मिलीमीटरचा चेंडू, आमच्या डोक्याला मापात. उभी बाहुली रंगवली. फोटोशी ताडून पाहिलं तर अगदी हुबेहूब.

कॅमेऱ्यासमोर धरल्यावर मात्र ती कुणाकडेच बघत नव्हती. मुलीची बाहुली समोर ठेवली, मगर तिच्याकडे वळवली, तरी मगरीची नजर दोन भिंतींवर. मगरीला बोलायचं आहे ते कुणाशी, हेच कळेना.

डोळे उपटले. पुढे, नाकपुड्यांच्या रेषेकडे वळवून पुन्हा लावले. बुबुळं मधोमध न काढता किंचित आतल्या बाजूला काढली. फरक विचारू नका. डोकं नुसतं हातात घेतलं तरी आजी म्हणाली, "बघतेय गो ती माझ्याकडे." आधी डोळे टाचणीने लावून सगळ्या बाजूंनी मोबाइलमधून बघावे, मगच गोंद लावावा. बुबुळाची जागा दोन मिलीमीटर इकडेतिकडे झाली तर पात्राचा स्वभाव बदलतो. आमच्या मुलीच्या बाहुलीला आधी काळे बटण लावले होते. बटणाच्या भोकांमुळे ती सतत दचकलेली दिसत होती. त्या जागी काळ्या रंगाचा थेंब आणि त्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला. तो ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा.

25 मे

पाऊस मे महिन्यातच उतरला. आमचं सगळं वेळापत्रक जूनच्या पावसावर बेतलेलं होतं. पडवीतलं काम बंद.

8 जून

दमट हवेत गोंद धरत नाही. कारण कळलं ते लिहून ठेवते: गोंदातलं द्रावण उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं, आणि वरून कोरडा वाटणारा थर खरं तर ओलसर असतो. शेपटीचे सांधे दाबले तसे उकलले. गोंद तोच, हातही तेच.

उपाय: पाऊस उघडल्यावर स्पंज आधी तासभर उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली. गोंदाचा पातळ थर, थांबायचा वेळ दुप्पट. तरीही शेपटीचे मोठे सांधे आम्ही सुईदोऱ्याने टाचले. पावसाळ्यात स्पंजाची बाहुली करणार असाल तर टाचणं धरूनच चाला.

लगद्याच्या डोक्याला बुरशी आली. आत मैद्याची खळ आहे, ती बुरशीला खाऊच. जुने लोक खळीत मोरचूद घालत, पण ते विष आहे आणि आमच्या कामात नऊ वर्षांची मुलगी आहे, म्हणून घातलं नाही. पुसून, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं. धुराने ते काळसर पडलं, मातीच्या मगरीला तोच रंग हवा होता.

15 जून

मगरीच्या पाठीचे खवले. आधी नारळाच्या करवंट्यांचे तुकडे शिवून पाहिले. दिसतात अप्रतिम, पण जड, आणि हलले की एकमेकांवर वाजतात. आवाज सगळा माइकमध्ये.

मग आजीने सुपारीची विरी सुचवली, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग. कुळागरात, पोफळीच्या बागेत, पडलेली असतेच. तासभर भिजवली की कात्रीने कापते. ओली असतानाच खवल्याचा आकार कापायचा, मधे अंगठ्याने दाबून कणा उठवायचा आणि पाट्याखाली ठेवायचा. दोन दिवसांनी काढला की आकार कायम. वजन जवळजवळ नाही, आवाज नाही, वरच्या रेषा तर मगरीच्याच. पैसा एकही लागला नाही. पावसात विरीवरही पांढरी बुरशी येते. व्हिनेगरच्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, मग रंग.

हाताच्या काड्यांसाठी मोडक्या छत्रीच्या तारा. मुलीच्या बाहुलीच्या मनगटांना दोन तारा, काळ्या रंगाने रंगवलेल्या. रंग चकाकणारा नको.

कुर्ली म्हणजे लाल रंगवलेला जुना लोकरी हातमोजा, वर दोन डोळे. अर्ध्या तासात झाली.

22 जून

पिंगुळीला जाऊन आलो. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांनी उभारलेलं संग्रहालय मुलांना दाखवायचं होतं.

त्या लाकडी बाहुल्यांचं तोंड उघडत नाही. तरी बोलणारी बाहुली कोणती ते लगेच कळतं, कारण जी बोलते ती हलते आणि बाकीच्या तिच्याकडे तोंड करून स्थिर राहतात. परतीच्या वाटेवर गाडीत आमचं बोलणं त्यावरच चाललं. आमच्या तालमीत तिन्ही बाहुल्या सतत हलत होत्या. हातात बाहुली आली की हात गप्प राहत नाही, मुलांचाही नाही, मोठ्यांचाही नाही.

आजपासून नियम: जी ऐकते तिने फक्त बघायचं.

29 जून

आवाज आधी, चित्र नंतर. बाहुली हाताळताना संवाद म्हणायला गेलं की एकतर हात चुकतो नाहीतर ओळ.

पण आवाज कुठे घ्यायचा? कौलांवर पाऊस, खाजनात बेडूक. कपाटात गोधड्या टांगून आत मोबाइल ठेवला, तरी पाऊस आत येतोच. पहाटे चार ते साडेपाच या वेळात पाऊस थांबला की आजीला उठवायचं असं ठरलं. ती जागीच असायची. तिचं निवेदन असं तुकड्यातुकड्याने घेतलं. आवाजात झोप आहे, ती मला फार आवडली, ठेवली.

बेडकांचा आवाज वेगळा, सलग पाच मिनिटं भरून घेतला. सगळ्या संवादांच्या खाली तो घातला की वेगवेगळ्या दिवशी भरलेले तुकडे एका रात्रीतले वाटतात. गोष्ट उधाणाच्या रात्रीची, बेडूक तिथे हवेतच.

6 जुलै

तोंड हलवायची तालीम. सगळ्यांचा हात एकच गोष्ट करतो: शब्द आला की बोटं वर उडतात. वरचा जबडा वर गेला की डोकं मागे जातं, आणि प्रत्येक अक्षराला मगर छताकडे बघते. म्हणजे डोळ्यांवर घातलेला तो सगळा दिवस वाया.

बोटं स्थिर ठेवायची, अंगठा खाली न्यायचा. नजर जागेवर राहते, जबडा खाली पडतो. अवघड आहे, कारण हाताला ही सवय नसते. थोरला शाळेत जाता-येता बसमध्ये रिकाम्या हाताने हेच करायचा.

मराठीपुरतं: प, फ, ब, भ, म या अक्षरांना तोंड पूर्ण मिटलं पाहिजे. "आ"ला मोठं उघडायचं, "इ", "उ"ला थोडं. भरभर बोलण्यात प्रत्येक अक्षर पकडायला गेलं तर तोंड नुसतं फडफडतं. वाक्यातल्या ज्या अक्षरावर जोर आहे तेवढी पकडली की पुरे. "माझा बांध फुटतोय" यात आम्ही मा, बां, फु एवढीच ठळक घेतली, आणि त्यांच्या आधी तोंड नीट मिटलेलं.

13 जुलै

मंच: जेवणाच्या टेबलाला पुढून काळं कापड, माणसं खाली बसून हात वर. मागे जुन्या चादरीवर खाजन रंगवलं: काव, चुना, थोडी निळ. समोर मानस, म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते खरंच चालतं तसं केलं: भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. दोन फळ्या, चामड्याच्या बिजागऱ्या. पुतण्याने केलेलं हे दार चित्रपटात चार सेकंदच दिसतं, पण आजीने दोनदा उघडून पाहिलं आणि मान हलवली.

खाली बसलेल्यांना वर काय चाललं आहे ते दिसायला हवं. मोबाइलचं चित्र टीव्हीवर वायफायने पाठवलं, तर ते अर्धा सेकंद उशिरा यायचं आणि सगळ्यांचे हात मागे पडायचे. केबल आणली, 650 रुपये; प्रश्न मिटला. ब्लूटूथ स्पीकरचंही तेच: आवाज उशिरा येतो, म्हणून तारेचा जुना स्पीकर काढला.

टीव्हीवरचं चित्र आरशासारखं नसतं. बाहुली उजवीकडे न्यायची तर डोळे म्हणतात डावीकडे. धाकटीला हे सर्वांत आधी जमलं. नणंदेला आणि मला महिनाभर लागला.

20 जुलै

पहिलं चित्रीकरण. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेमवर होता. 25 फ्रेम आणि शटर 1/50 केल्यावर पट्टे गेले. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नव्हती, वेगळं ॲप घ्यावं लागलं.

दुसरी अडचण रंगाची. मगर मातकट, बांध मातकट, मगर दिसेचना. पुढून प्रकाश वाढवला तर सगळंच सपाट. मगरीच्या मागून, वरून एक दिवा लावला. खवल्यांच्या कडा उजळल्या आणि ती बांधापासून सुटी झाली. एका 12 वॅटच्या बल्बने हे काम झालं. एकच दिवा असेल तर तो मागे लावा, पुढे खिडकीचा उजेड चालतो.

दुपारी वीज गेली ती संध्याकाळी आली.

3 ऑगस्ट

पाण्यातलं दृश्य. मगर भगदाडात उतरते. पत्र्याच्या मोठ्या टोपात चिखलाचं पाणी केलं. स्पंज पाणी पितो हे माहीत होतं, म्हणून तिच्यासाठी वेगळं डोकं केलं होतं: जुन्या हवाई चपलांच्या रबराचं, तरंगणारं. ते इतकं तरंगलं की बुडेना. खाली दगड बांधला, तर हाताला वळेना. शेवटी दगड काढून खालून छत्रीची तार लावली आणि धाकटीने टोपाच्या कडेने ती ओढली. फक्त डोळे आणि नाकपुड्या पाण्यावर. सगळ्या चित्रपटातला माझा सर्वांत आवडता शॉट तो आहे. इथेही नजर मुलीकडेच राहील याची काळजी घेतली; तार तिरकी धरावी लागली.

हात वर धरून वीस सेकंदांच्या पुढचा शॉट घ्यायचा नाही, असं आता पक्कं केलं आहे. विसाव्या सेकंदानंतर बाहुली हळूहळू बुडायला लागते, करणाऱ्याला ते कळत नाही.

17 ऑगस्ट

जोडकाम. लांब तुकड्यांत आवाज हळूहळू तोंडाच्या पुढे जात होता. सुरुवातीला जुळलेला, शेवटाला सुटलेला. आठवडा यातच गेला. मोबाइल फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, थोडा कमी-जास्त करतो. जोडकामाच्या सॉफ्टवेअरला ते झेपत नाही. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळ्या फाइल्स 25 च्या स्थिर वेगात बदलून घेतल्या आणि मग दा विंची रिझॉल्व्हमध्ये घातल्या. जोडायला बसण्याआधीच हे करायचं असतं. नंतर केलं की कापाकापी पुन्हा पहिल्यापासून.

एका दृश्यात कुर्ली बोलत असताना मुलगी कॅमेऱ्याकडे बघते आहे. सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. पुन्हा घ्यायचं म्हणजे मंच परत लावायचा. लावला.

28 ऑगस्ट

काल चवथ. आज रात्री आरती झाल्यावर चौकात पांढरी चादर लावून दाखवला. 11 मिनिटं 40 सेकंद. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीच्या, बाजूने मुलं खाली बसली होती. मगर बांधात उतरते तिथे शेजारची चार वर्षांची मुलगी उठून पडद्याजवळ गेली आणि तिला हाक मारायला लागली. मगर त्या क्षणी समोर बघते. मुलीला वाटलं, आपल्याकडेच.

आजीने पुन्हा लावायला सांगितला.

7 सप्टेंबर

खर्च, विचारलं म्हणून: स्पंज, गोंद, कापड मिळून 1,150, केबल 650, बल्ब, होल्डर, वायर 480, रंग 390, ॲप 499, पिंगुळीचं पेट्रोल-जेवण धरून साधारण 5,000 च्या आत. लगद्याचा खर्च नगण्य, वेळेचा मोठा. एप्रिलमधले शेवटचे रविवार त्यात गेले. पाऊस लवकर येणार हे गृहीत धरून स्पंजाचं आणि गोंदाचं सगळं काम एप्रिलात उरकायला हवं. आवाज, तालीम आणि जोडकाम पावसात बसून होतं.

बाहुल्या ठेवताना: जबड्यात वर्तमानपत्राचे बोळे, नाहीतर स्पंज घडीच्या जागी बसतो आणि तोंड वाकडं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, आत पाणी सुटतं. सुती पिशवीत घालून, स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर टांगलेल्या. महिन्यातून एकदा उन्हात.

येती पौष अमावास्या 18 जानेवारी 2026 ची, रविवार आहे. बांधावरच्या माणसांना विचारून, पूजेत अडथळा न आणता, खरी मातीची मगर थापतानाचे काही शॉट घ्यायचे आणि चित्रपटाच्या सुरुवातीला जोडायचे आहेत. तिथे उजेड सकाळचा, वीज नाही, पट्ट्यांचा प्रश्न नाही. 25 फ्रेमच ठेवायच्या, म्हणजे जोडताना त्रास नाही.